जुन्या केगचा वास कुठे दडतो?

घरी बिअर करणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी मंडळींची एक तक्रार कायम असते. सोड्याचा जुना केग, म्हणजे पेय साठवण्याचे स्टीलचे पिंप, स्वस्तात मिळाला म्हणून आणला, साबणाने धुतला, ब्रशने घासला, उकळत्या पाण्याने दोनदा विसळला. आत हात फिरवला तर स्टील कोरे वाटते. तरीही त्यात भरलेल्या बिअरला पंधरा दिवसांत रूट बिअरचा वास लागतो. मग पुन्हा धुणे, पुन्हा भरणे, पुन्हा तोच वास. महिनाभराच्या मेहनतीने केलेली वीस लिटर बिअर शेवटी मोरीत ओतावी लागते. ही नासाडी टाळता येते. त्यासाठी केग आणखी जोरात घासण्याची गरज नाही. वास नेमका कशात मुरला आहे ते आधी शोधायचे आणि मग त्या जागेपुरता उपाय करायचा.

अशी हौशी मंडळी भेटतात त्यांतले एक ठिकाण म्हणजे शिकागोच्या वायव्येला, ओहेअर विमानतळाच्या पलीकडे असलेले शॉमबर्ग हे उपनगर. १९५६ साली या गावाची रीतसर स्थापना झाली तेव्हा इथे जेमतेम १३० माणसे राहत होती आणि भोवती जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांची शेते होती. पुढे मोटोरोलाचे मुख्यालय आले, त्यामागे अभियंते आले आणि त्यांच्यासोबत मराठी कुटुंबेही येऊन वसली. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ७८ हजारांच्या वर गेली. इथल्या घरांना तळघर असते, गॅरेज असते आणि हिवाळा लांबलचक असतो. अशा घरात बिअर आंबवण्याचा छंद सहज रुजतो. या परिसराला त्याची परंपराही आहे. जॉन एवाल्ड सीबेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच शिकागोत बिअरनिर्मितीचे शिक्षण देणारी संस्था उभी केली होती.

अमेरिकेत हा छंद कायदेशीर होऊन मात्र अजून अर्धशतकही उलटलेले नाही. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअर मात्र वगळलेलीच राहिली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ती उणीव भरून काढली. आता दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर स्वतःसाठी करता येते. एकट्या प्रौढाला याच्या निम्मी मर्यादा आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. पुढची माहिती त्यांना वेगळ्या कामासाठी उपयोगी पडेल. कोकम सोडा, आल्याचा सोडा, प्रवासाची बाटली, थर्मास, कुकर या सगळ्यांच्या वासाला हेच शास्त्र लागू होते.

केग आला कुठून?

हौशी मंडळी वापरतात तो उंच, अरुंद केग मुळात बिअरसाठी बनलेलाच नव्हता. तो थंड पेयांसाठी होता. मिनेसोटातल्या कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून त्याला ‘कॉर्नी केग’ म्हणतात. त्यात ५ गॅलन, म्हणजे जवळपास १९ लिटर पेय मावते. उपाहारगृहांत आणि सोडा फाउंटनवर तयार पेय किंवा पाक अशा केगमधून यायचा. पेप्सीच्या केगवर ‘बॉल लॉक’ पद्धतीची तोंडे असत, कोका-कोलाच्या केगवर ‘पिन लॉक’ पद्धतीची. १९८० च्या दशकापासून पाक खोक्यातल्या प्लास्टिक पिशवीतून येऊ लागला आणि हे हजारो केग गोदामांत पडून राहिले. ते भंगाराच्या भावाने बाजारात आले आणि घरी बिअर करणाऱ्यांनी उचलले. बाटल्या धुण्याचा त्रास वाचला, वायूचा दाब हवा तसा ठेवता येऊ लागला. पण केगसोबत त्यातल्या पेयाचा वासही घरी आला.

सगळ्यांत चिवट वास रूट बिअरचा. हे अमेरिकेतले बिनमद्याचे पेय पूर्वी सॅसाफ्रास झाडाच्या मुळाच्या सालीपासून करत. त्या सालीतले सॅफ्रोल आरोग्याला घातक ठरल्याने १९६० मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांत त्याच्या वापरावर बंदी घातली. त्यानंतर विंटरग्रीनचा स्वाद या पेयात आणखीच महत्त्वाचा झाला. विंटरग्रीनच्या तेलाचा मुख्य घटक मिथिल सॅलिसिलेट आहे. पाठदुखीवर चोळायच्या मलमांना जो उग्र, गारसर वास येतो तो याच रसायनाचा. रूट बिअरचा जुना केग उघडल्यावर मराठी माणसाला औषधाच्या कपाटाची आठवण होते, ती त्यामुळेच.

स्टील निर्दोष, रबर दोषी

केगचे स्टील साधारणपणे ‘३०४’ प्रतीचे असते. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो. हा थर घट्ट असतो. त्यातून वासाचे रेणू आत शिरत नाहीत. म्हणून नीट धुतलेल्या स्टीलला वास राहत नाही. घरातला कुकर बघा. भांडे राखेने घासल्यासारखे लख्ख असते, पण झाकणाची रबरी रिंग नाकाशी नेली की कालच्या आमटीची फोडणी कळते. केगमध्ये नेमके हेच होते.

एका केगमध्ये पाच रबरी रिंगा असतात. झाकणाची एक मोठी, दोन्ही तोंडांवर बाहेरून एकेक, आणि आत जाणाऱ्या दोन नळ्यांच्या माथ्याशी एकेक लहान. याशिवाय तोंडांच्या आतल्या स्प्रिंगच्या झडपांना आणि झाकणावरच्या दाब सोडणाऱ्या झडपेलाही रबर असते. मिथिल सॅलिसिलेटसारखे सुवासिक रेणू तेलकट स्वभावाचे असतात. पाण्यात ते फारसे विरघळत नाहीत, रबरात मात्र सहज शिरतात. केग वर्षानुवर्षे पाकाने भरलेला असतो, तेव्हा हे रेणू रबराच्या पार गाभ्यापर्यंत पोहोचतात. नंतर केगमध्ये बिअर भरली की तेच रेणू हळूहळू उलट बाहेर पडतात. पहिल्या दिवशीचा पेला चांगला लागतो आणि पंधरवड्यानंतरचा बिघडलेला लागतो, त्याचे कारण हे आहे.

धुण्याने रबराचा वास का सुटत नाही, हेही रसायनशास्त्रच सांगते. मिथिल सॅलिसिलेट तीव्र अल्कलीच्या संपर्कात आले की त्याचे पाण्यात विरघळणाऱ्या क्षारात रूपांतर होते. म्हणून स्टीलवरचा तेलकट थर धुण्याच्या सोड्याने निघून जातो. पण सोड्याचे आयन विद्युतभारित असतात आणि रबरात शिरू शकत नाहीत. वासाचा रेणू आत बसलेला, त्याला मोडणारे रसायन दाराबाहेर. रिंग उकळली तर थोडा वास उडतो, सगळा जात नाही. म्हणून पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय धुण्याचा नाहीच. पाचही रिंगा बदलाव्यात. पूर्ण संच काही डॉलरना मिळतो, आणि वाया जाणाऱ्या एका केगभर बिअरपुढे ती किंमत काहीच नाही.

काही केगना खाली रबरी बूड आणि वर रबरी मुठी असतात. त्यांनाही वास येतो, पण त्यांचा बिअरशी संबंध येत नाही. केग बाहेरून हुंगून निष्कर्ष काढला तर इथे हमखास फसगत होते.

आधी तपास

वास कुठून येतो हे ठरवायला साधी चाचणी पुरते. केग पूर्ण सुटा करा. झाकणाची रिंग एका काचेच्या बरणीत, बाकीच्या रिंगा दुसऱ्या बरणीत, झडपा तिसऱ्या बरणीत टाका. प्रत्येकीत कढत पाणी ओतून झाकण लावा. रबराशिवायच्या रिकाम्या केगमध्येही कढत पाणी भरा आणि तोंडावर काचेची ताटली ठेवा. रात्रभर ठेवून सकाळी एकेक उघडून हुंगा. ज्या पाण्याला वास येईल तो भाग दोषी. पाणी कोमट असेल तर वास लवकर कळतो, कारण उष्णतेने रेणू हवेत उडतात.

हुंगणाऱ्याचे नाक ताजे असावे. एकच वास सतत घेत राहिले की मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो. त्यामुळे केग धुणाऱ्यानेच निकाल देऊ नये. घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवावे आणि कोणत्या बरणीत काय आहे ते आधी सांगू नये.

केगमधल्या पाण्यालाच वास आला तर आत काहीतरी साचले आहे. ते तीन प्रकारचे असू शकते. साखर आणि प्रथिनांचा वाळलेला थर, कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढुरका खडा (बिअरवाले त्याला ‘बिअरस्टोन’ म्हणतात), किंवा जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला बुळबुळीत पापुद्रा. हे थर ओरखड्यांत, वेल्डिंगच्या सांध्यांत आणि विशेषतः तळापर्यंत जाणाऱ्या लांब नळीत बसतात. ती नळी बाहेरून चकचकीत दिसते, म्हणून तिच्यात बारीक ब्रश घालायचे बरेच जण विसरतात.

धुण्याचा क्रम

सर्वांत आधी दाब सोडा. झाकणावरची कडी ओढून सगळा वायू गेल्याची खात्री होईपर्यंत पाना हातात घेऊ नका. दाबाखालचे तोंड उघडले तर ते गोळीसारखे उडते. मग ७/८ किंवा ११/१६ इंची पान्याने, केगच्या बनावटीप्रमाणे, दोन्ही तोंडे काढा. वायूचे कोणते आणि द्रवाचे कोणते यावर खूण करा. त्यांची अदलाबदल झाली तर जोडणी अडकून बसते. जुने रबर वेगळे करा आणि टाकून द्या.

कोमट पाण्याने विसळून केगमध्ये अल्कलीचे द्रावण भरा. सोडियम परकार्बोनेट असलेली, सुगंध नसलेली पावडर सर्वांत चांगली. बिअरच्या सामानाच्या दुकानांत ‘पीबीडब्ल्यू’ नावाची पावडर मिळते, तीही याच कुळातली. दर लिटरला ८ ते १५ ग्रॅम पुरे. पाणी ५५ ते ७० अंश सेल्सिअस असावे. शॉमबर्गच्या घरांत नळाचे गरम पाणी साधारण ४९ अंशांवर ठेवलेले असते, म्हणून त्यात एखादी किटली उकळते पाणी मिसळावे. परकार्बोनेट पाण्यात गेले की त्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मोकळे होतात. सोडा चरबी आणि प्रथिने सैल करतो, पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन रंग आणि वासाचे रेणू तोडतो. सुट्या केलेल्या धातूच्या वस्तूही याच द्रावणात बुडवा आणि रात्रभर राहू द्या.

या वेळी केगचे झाकण कधीही घट्ट लावू नका. द्रावणातून ऑक्सिजन सतत सुटत असतो, आणि बंद केगमध्ये त्याचा दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा वापरा. तीव्र अल्कली डोळ्यात गेली तर आम्लापेक्षाही जास्त इजा करते.

सकाळी ब्रश फिरवून चार-पाच वेळा स्वच्छ पाण्याने विसळा. बोटाला पृष्ठभाग निसरडा लागला तर अल्कली शिल्लक आहे. नंतर आम्लाची पाळी. शॉमबर्गच्या नळाला येणारे मिशिगन सरोवराचे पाणी बऱ्यापैकी जड आहे, लिटरमागे साधारण १४० मिलिग्रॅम कठीणपणा. त्यातले कॅल्शियम सोड्याशी संयोग पावून भांड्यावर पांढरी साय सोडते. ती काढायला सायट्रिक ॲसिडचे, म्हणजे लिंबूसत्त्वाचे गरम पाणी पुरते. त्याने स्टीलचा संरक्षक थरही नीट बसायला मदत होते. बिअरस्टोन असेल तर फॉस्फोरिक आम्लाचे, भांड्यांसाठीच बनवलेले द्रावण लागते.

शेवटी निर्जंतुकीकरण. धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. मळाच्या थराखाली बसलेल्या जिवाणूपर्यंत जंतुनाशक पोहोचतच नाही. ‘स्टार सॅन’सारखे आम्लधर्मी द्रावण १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर घेतले की एक-दोन मिनिटांत काम होते आणि पुन्हा विसळावे लागत नाही. मग नव्या रिंगा बसवा. त्यांना खाद्यप्रतीचे सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. पेट्रोलियम जेली वापरू नका, तिने ईपीडीएम जातीचे रबर फुगते आणि खराब होते. केग जोडून वायू भरा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा.

जे करू नये

वास मारण्यासाठी ब्लीच ओतण्याचा मोह अनेकांना होतो. क्लोराइडचे आयन स्टीलचा संरक्षक थर भेदतात आणि त्यात बारीक खड्डे पाडतात. खड्डा पडला की मळाला कायमची जागा मिळते आणि वास दर वेळी परत येतो. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, ते तर प्राणघातक ठरू शकते. तारेच्या काथ्यानेही घासू नये. त्याचे लोखंडी कण स्टीलमध्ये अडकतात, गंजतात आणि बिअरला नाण्यासारखी धातूची चव देतात. खाण्याचा सोडा सौम्य असल्यामुळे आंबट वासावर थोडाफार चालतो, विंटरग्रीनवर नाही. सुगंधी साबण तर वासात वासाची भर घालतो, शिवाय त्याच्या अंशाने बिअरचा फेस बसतो.

केग स्वच्छ करून जुनीच प्लास्टिक नळी जोडणे ही आणखी एक चूक. बिअर पेल्यापर्यंत नेणारी साधी पीव्हीसी नळी वास रबराइतक्याच तत्परतेने धरते. केग बदलला, रिंगा बदलल्या, तर नळीही बदला.

प्रत्येक दोष केगचा नसतो

बिअर बिघडली की बिचाऱ्या जुन्या केगवर खापर फुटते. पण प्रत्येक वासाचा उगम वेगळा असतो. लोण्यासारखा वास डायअॅसिटिलचा. यीस्टचे काम पूर्ण होण्याआधी बिअर थंड केली किंवा पेडिओकोकस जिवाणू शिरले की तो येतो. व्हिनेगरसारखी आंबटाई म्हणजे ॲसिटोबॅक्टर, आणि त्याला हवा मिळाली हे नक्की. ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर भरताना बिअरमध्ये ऑक्सिजन गेला. सिलिकॉनच्या रिंगा मऊ असल्याने छान बसतात, पण त्यांतून ऑक्सिजन सहज पार होतो. बिअर महिनोन्महिने ठेवायची असेल तर ईपीडीएमच्या रिंगा बऱ्या. उन्हाने बिअरला येणारा उग्र दर्प मात्र केगमध्ये कधीच तयार होत नाही, कारण स्टीलमधून प्रकाश जात नाही.

शॉमबर्गमध्ये आणखी एका दोषाकडे लक्ष द्यावे लागते. नळाचे पाणी शिकागोतून येते आणि त्यात क्लोरीन असते. बिअरमधल्या फिनॉलशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफिनॉल बनतात. अब्जात काही भाग एवढ्या अल्प प्रमाणातही ते जिभेला कळतात आणि चव दवाखान्यासारखी लागते. रूट बिअरचा वासही औषधीच, म्हणून या दोन्हींची गल्लत होते. फरक वेळेवरून ओळखावा. पाण्यातल्या क्लोरीनचा दोष पहिल्या पेल्यापासून असतो, रबराचा दोष दिवसागणिक वाढतो. पाणी पंधरा मिनिटे उकळले किंवा कॅम्पडेनची गोळी घातली (एक गोळी साधारण ७५ लिटरना पुरते) की क्लोरीनचा प्रश्न मिटतो.

खात्री हवी असेल तर एकाच खेपेची थोडी बिअर काचेच्या बाटलीत आणि उरलेली केगमध्ये भरावी. दोन्हींना सारखीच वाईट चव आली तर दोष आंबवण्यात आहे. फक्त केगमधली बिघडली तर केग, रिंगा किंवा नळी दोषी.

पुढच्या खेपेसाठी

केग रिकामा झाला की त्याच दिवशी धुवावा. ओला थर काही मिनिटांत निघतो, वाळलेल्याला रात्र द्यावी लागते. शॉमबर्गच्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवायचा केग पूर्ण निथळून ठेवावा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि नळीतल्या, झडपेतल्या पाण्याने सांधे सैल होतात. उग्र पेयांसाठी एक केग कायमचा राखून ठेवावा आणि त्यावर तसे लिहावे. जिऱ्याचा मसाला सोडा, आल्याचा सोडा किंवा रूट बिअर भरायची तर त्याच केगमध्ये. जिऱ्यातला क्युमिनाल्डिहाइडही रबरात मुरतो आणि पुढच्या पेयाला फोडणीचा वास देतो. निदान रिंगांचा वेगळा संच तरी ठेवावा.

एवढे केले तर चाळीस वर्षांपूर्वीचा केगही नव्यासारखे काम देतो. चांगले स्टेनलेस स्टील सहसा म्हातारे होत नाही, त्याच्या रिंगा होतात. म्हणून जुना केग विकत घ्यायचा असेल तर वासाला भिऊन सोडू नका. आतून खड्डे, गंज आणि पोचे आहेत का ते टॉर्च लावून पाहा. स्टील धड असेल तर केग घ्या, आणि त्याच दिवशी रिंगांचा नवा संचही मागवा.